अठरा जिन्नस, एक राग: हार्पसिकॉर्डचा स्वीट आणि तंजावरचं मराठी निरूपण

ज्यांना हेडफोन लावून ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे हातवारे केले ते इथे दिसणार नाहीत, पण बाकी माल तोच आहे.

सुरुवात एका धुनेपासून करूया. ती तुम्ही शंभर टक्के ऐकलेली आहे. खेळण्यातल्या कीबोर्डचं डेमो बटण, पियानो शिकवणारं एखादं ॲप, जुन्या फोनची रिंगटोन, कुठे ना कुठे ती वाजलेली असते. तिचं नाव ‘मिन्युएट इन जी’. वर्षानुवर्षं तिच्याखाली बाखचं नाव छापलं जायचं, कारण ती बाखच्या बायकोच्या, म्हणजे ॲना माग्डालेनाच्या वहीत सापडली. १९७० च्या दशकात अभ्यासकांनी दाखवून दिलं की ती बाखची नाही, ड्रेस्डेनच्या ख्रिस्टियान पेत्सोल्ड नावाच्या ऑर्गनवादकाची आहे. आणि ती एकटी पण नाही. हार्पसिकॉर्डसाठी लिहिलेल्या नाचांच्या एका लांबलचक माळेतला तो एक मणी आहे. माळ विस्मरणात गेली आणि मणी जगभर फिरतोय.

आजचा भाग त्या माळेबद्दल आहे. आणि अशीच एक माळ आपल्या मराठी भाषेत कशी ओवली गेली, त्याबद्दल आहे. ती महाराष्ट्रात ओवली गेली नाही. कावेरीच्या काठावर, तंजावरला ओवली गेली.

स्वीट म्हणजे काय

लिहिताना इंग्रजीत सूटसारखं दिसतं, पण म्हणायचं स्वीट. कोट-पँटशी संबंध नाही आणि सेलमधल्या सूटशी तर नाहीच. हॉटेलमध्ये एकाला एक लागून असलेल्या खोल्यांना स्वीट म्हणतात ना, तोच हा शब्द. मूळ फ्रेंच अर्थ ‘एकामागून एक येणारं’. संगीतात स्वीट म्हणजे एकामागून एक वाजवायचे नाच.

साधारण १६५० ते १७५० या शंभर वर्षांत युरोपात स्वीटचं पीक आलं होतं. त्या काळाच्या कलेला बरोक म्हणतात. स्वीटमध्ये चार नाच जवळजवळ ठरलेले असायचे. पहिला अलमांद: चार मात्रांचा, संथ, विचार करत चालल्यासारखा. दुसरा कूरांत: नावाचा अर्थच धावणारा. त्याच्या फ्रेंच प्रकारात एक गंमत असते. सहा मात्रा कधी तीन-तीन अशा पडतात, कधी दोन-दोन-दोन अशा, आणि ऐकणाऱ्याचा पाय गोंधळतो. तिसरा साराबांद: तीन मात्रांचा, अगदी संथ, आणि वजन बरेचदा दुसऱ्या मात्रेवर. मोजून बघा: एक, दोऽऽन, एक, दोऽऽन. ऑडिओमध्ये इथे मी टाळ्या दिल्यात, तुम्ही मनात द्या. चौथा झीग: उड्या मारणारा, आपल्या दादऱ्यासारखा तीन-तीनच्या झोकात पळणारा. साराबांद आणि झीगच्या मध्ये हौसेप्रमाणे मिन्युएट, गाव्होत, बुरे असे छोटे नाच घालायचे.

आता मुद्द्याची गोष्ट. हे सगळे नाच एकाच स्वरात बांधलेले असतात. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळ्यांचा ‘सा’ एकच. लय बदलते, ताल बदलतो, मूड बदलतो, घर मात्र बदलत नाही. प्रत्येक नाचाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात सूर घरातून बाहेर पडतो, दुसऱ्यात परत येतो. दोन्ही भाग दोनदा वाजवायचे आणि दुसऱ्या वेळी वादकाने आपली सजावट घालायची.

आणि या नाचांची गावं बघा. अलमांद म्हणजे ‘जर्मन’. कूरांत फ्रान्स-इटलीकडचा. झीग इंग्लंड-आयर्लंडच्या जिगमधून आला. साराबांद सगळ्यात मोठा प्रवासी. त्याचे सगळ्यात जुने उल्लेख स्पॅनिश लोकांच्या मध्य अमेरिकेतल्या वसाहतींमधून येतात. तिथून तो स्पेनमध्ये आला तेव्हा जलद आणि बेधडक होता, इतका की १५८३ मध्ये त्याच्यावर अश्लील म्हणून बंदी घातली गेली. तोच नाच फ्रान्सच्या दरबारात पोचेपर्यंत संथ आणि गंभीर झाला. ‘बॅरी लिंडन’ हा १९७५ चा सिनेमा पाहिला असेल तर त्यात वारंवार येणारी ती जड, अंगावर येणारी धून आठवा. ती हँडलच्या हार्पसिकॉर्ड स्वीटमधली साराबांद आहे. एका पिढीने अश्लील म्हणून हाकललेला नाच पुढच्या पिढ्यांमध्ये शोकगंभीर झाला. लावणीवर आणि तमाशावर बंदी पाहिलेल्या महाराष्ट्राला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पीस तार छेडतं

हे नाच ज्या वाद्यावर वाजायचे ते हार्पसिकॉर्ड. दिसायला पियानोचा बारीक भाऊ, पण आतलं काम वेगळं. पियानोत की दाबली की छोटी हातोडी तारेवर आपटते. हार्पसिकॉर्डमध्ये की दाबली की लाकडाची एक पट्टी वर उठते आणि तिला खोचलेला पक्ष्याच्या पिसाचा देठ तारेला छेडून जातो. म्हणजे स्वभावाने हे वाद्य सतारीच्या, वीणेच्या जवळचं, फक्त नखीच्या जागी अख्खं यंत्र बसवलेलं.

याचा एक मोठा परिणाम होतो. जोरात दाबा की हळू दाबा, आवाज जवळपास तेवढाच येतो. आपल्या पेटीत निदान भात्याने आवाज फुलवता येतो, इथे तीही सोय नाही. मग भावना आणायची कुठून? वेळेतून आणि सजावटीतून. एक स्वर किंचित उशिरा सोडायचा, एखाद्या स्वराला कंप द्यायचा, सगळे स्वर एकदम न दाबता एकामागून एक उलगडायचे. ही शेवटची सवय ल्यूट या तंतुवाद्याच्या वादकांकडून आली. मी रोज कोड लिहितो, त्यामुळे मला हे फार ओळखीचं वाटतं: यंत्राने एक दार बंद केलं की माणूस खिडकी शोधतो. त्या खिडकीतूनच हार्पसिकॉर्डची सगळी शैली आत आली.

राजा नाचतो तेव्हा

नाचांना एवढी प्रतिष्ठा का मिळाली, याचं उत्तर फ्रान्सच्या दरबारात आहे. १६५३ मध्ये चौदा वर्षांचा चौदावा लुई रात्रभर चालणाऱ्या एका बॅलेमध्ये उगवत्या सूर्याचा वेश घालून नाचला. पुढे जगाने त्याला ‘सूर्यराजा’ म्हटलं त्यामागे हा नाच पण आहे. १६६१ मध्ये त्याने नृत्याची अकादमीच काढली. दरबारी उमरावाला तलवार चालवता यायला हवी तसं मिन्युएट नाचताही यायला हवं. कोण आधी नाचणार, कोण कुणाबरोबर, किती पावलं, सगळं ठरलेलं. उमरावांना शिस्तीत ठेवायची ही भारी युक्ती होती.

याच दरबारात एलिझाबेथ जाके द ला गेर नावाची मुलगी लहानपणी राजासमोर हार्पसिकॉर्ड वाजवायची. १६८७ मध्ये, वयाच्या बाविशीत, तिचं हार्पसिकॉर्डच्या रचनांचं पुस्तक छापलं गेलं. त्यात अशाच नाचमाळा आहेत. त्या काळात बाईच्या नावाने संगीत छापलं जाणं ही साधी गोष्ट नव्हती.

पण इथेच एक बदल घडत होता. हार्पसिकॉर्डवरच्या या नाचांवर फारसं कुणी नाचायचं नाही. दिवाणखान्यात बसून ऐकायचे. पाय थांबले आणि नाच बोटांत शिरला. फ्रांस्वा कुपरँने १७१३ पासून छापलेल्या आपल्या माळांना ‘ऑर्द्र’, म्हणजे ‘क्रम’, असं नाव दिलं. बाखने १७२० च्या दशकात फ्रेंच स्वीट्स लिहिले. त्यातले पाच ॲना माग्डालेनाच्या १७२२ च्या वहीत आहेत, म्हणजे हे अक्षरशः घरचं संगीत होतं. १७२६ मध्ये त्याने पहिली पार्टिता छापली. पार्टिता हे स्वीटचंच दुसरं नाव. १७३१ मध्ये सहाही एकत्र छापल्या.

क्रमाबद्दल अजून एक मजेशीर गोष्ट. अलमांद-कूरांत-साराबांद-झीग हा क्रम आज ब्रह्मवाक्य वाटतो, पण तो एका माणसाने एका दिवशी ठरवलेला नाही. योहान याकोब फ्रोबेर्गर हा या माळेच्या पहिल्या मोठ्या रचनाकारांपैकी एक. त्याच्या हस्तलिखितांत झीग बरेचदा शेवटी नसतोच, मध्येच कुठेतरी असतो. तो १६६७ मध्ये वारला आणि शतकाच्या अखेरीस ॲमस्टरडॅमच्या प्रकाशकाने त्याच्या रचना छापताना नाच हलवून झीग शेवटी नेला. म्हणजे रचना एकाची आणि प्लेलिस्ट दुसऱ्याची. ही गोष्ट लक्षात ठेवा, तंजावरला परत लागणार आहे.

तुळजापूरचं नाव कावेरीच्या काठी

मी बोलतोय तामलवाडीतून. सोलापूरहून तुळजापूरला जाताना टोलनाका लागतो, ते आमचं गाव. इथे राहणाऱ्याला तुळजाभवानीच्या गोंधळाचा क्रम शिकवावा लागत नाही. आधी चौक मांडायचा, मग गावोगावच्या देवदेवतांना गोंधळाला या म्हणून बोलवायचं, मग संबळ-तुणतुण्यावर आख्यान, शेवटी आरती. तमाशातही तसंच, गणाआधी गवळण होत नाही. म्हणजे ‘एकामागून एक’ ही कल्पना आपल्याला परकी नाही.

आता तुळजापूरचं एक टोक तंजावरला कसं पोचलं ते बघा. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, म्हणजेच एकोजी, यांनी १६७० च्या दशकात तंजावरचं राज्य घेतलं. तिथे भोसल्यांची गादी १८५५ पर्यंत टिकली. या घराण्यात दोन राजांचं नाव तुळजा आहे, कुलदेवतेच्या नावावरून. पहिले तुळजाराजे १७२८ ते १७३६ या काळात गादीवर होते आणि त्यांनी ‘संगीत सारामृत’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात नाचाच्या मूळ हालचालींचं वर्णन पण आहे. तारखा शेजारी ठेवून बघा. लाइपझिगमध्ये बाख आपल्या पार्टिता एकेक करून छापत होता, तेव्हा तंजावरला तुळजाभवानीचं नाव लावणारा मराठा राजा गाण्या-नाचाचं शास्त्र लिहीत होता. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

तंजावरचा दरबार भाषांच्या बाबतीत भन्नाट होता. राजघराण्याची भाषा मराठी, प्रजेची तमिळ, संगीताची बरीचशी तेलुगू, शास्त्राची संस्कृत, आणि उत्तरेकडून हिंदुस्तानी-फारसी. एकोजींचे पुत्र शाहाजी, १६८४ ते १७१२ गादीवर, म्हणजे चौदाव्या लुईचे समकालीन. त्यांनी एकाच नाटकात पाच भाषा वापरल्या, ते ‘पंचभाषाविलास’. त्यांनी मराठीतही नाटकं लिहिली. मराठी नाटकाचा इतिहास सांगताना आपण १८४३ च्या सांगलीपासून सुरू करतो. तंजावरची मराठी नाटकं त्याच्या दीडशे वर्षं आधीची आहेत.

राज्य नसलेला राजा

आपल्या गोष्टीचा मुख्य माणूस सरफोजी दुसरे. जन्म १७७७. दुसऱ्या तुळजाराजांनी त्यांना दत्तक घेतलं. वारसाच्या भांडणात त्यांना आधार मिळाला तो ख्रिस्टियान फ्रीडरिश श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याचा. तो हाले इथे शिकलेला, म्हणजे हँडलच्या जन्मगावी. आणि त्याचा जन्म १७२६ चा, बाखची पहिली पार्टिता छापली गेली त्याच वर्षीचा. हा निव्वळ योगायोग आहे, पण त्यातून अंतरं किती कमी होती ते कळतं.

१७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले आणि १७९९ मध्ये कंपनीने तह करून राज्याचा कारभार काढून घेतला. राजांकडे राहिला किल्ला आणि महसुलातला वाटा. विशी-बाविशीतला राजा, नावाला छत्रपती, हातात राज्य नाही. मग त्यांनी काय केलं? सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं. देवनागरी छापखाना काढला. डोळ्यांच्या रुग्णांच्या सचित्र नोंदी ठेवल्या. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला, १८०३ मध्ये. पाश्चात्त्य वाद्यांचा बँड ठेवला. युरोपीय नोटेशनमधली संगीताची हस्तलिखितं आजही त्या ग्रंथालयात आहेत. ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचं मराठी नृत्यनाट्य लिहिलं, त्यात भविष्य सांगणारी कुरवंजी इंद्राच्या राणीला चक्क जगाचा भूगोल सांगते.

आणि त्यांनी नाचांच्या माळा लिहिल्या. मराठीत.

या माळेचं नाव निरूपण. कीर्तनाला बसलेल्या कुणालाही हा शब्द माहीत आहे. कीर्तनकार जे उलगडून सांगतो ते निरूपण. तंजावरला मराठी कीर्तन रुजलेलं होतं, आणि मला वाटतं तिथूनच हा शब्द नाचात आला असणार. या रचनांचा संग्रह सरस्वती महालाने पुस्तक म्हणून छापला, त्याचं नाव ‘कोर्व्याचे साहित्याचे जिन्नस’. हे नाव मला फार आवडतं. कोर्वै म्हणजे तमिळमध्ये ओवणं, गुंफणं. साहित्य म्हणजे गाण्याचे शब्द. आणि जिन्नस म्हणजे तेच, किराणाच्या यादीतले. माळेत ओवायच्या गाण्यांचे जिन्नस. फ्रेंच म्हणाले ‘एकामागून एक’, कुपरँ म्हणाला ‘क्रम’, तंजावर म्हणालं ‘ओवलेलं’.

एका निरूपणात अठरा जिन्नस. यादी वाचतो, हळू वाचा: जयजय, शरणु, अलारु, सोल्लु, शब्द, वर्ण, पद, स्वरजति, अभिनयपद, तिल्लाना, पुन्हा अभिनयपद, जक्किणी, गीत, प्रबंध, त्रिपुट, श्लोकवर्ण, कौत्त आणि शेवटी मंगळ. अठराही जिन्नस एकाच रागात, एकाच तालात, आणि एकच कथा सांगणारे.

इथे दोन माळांमधला फरक बघण्यासारखा आहे. युरोपच्या स्वीटमध्ये स्वर एक, ताल वेगवेगळे, आणि कथा नाही. निरूपणात राग एक, ताल एक, कथा एक. मग कंटाळा का येत नाही? कारण प्रकार बदलतो. सोल्लु म्हणजे नुसते तालाचे बोल, त्यात पाय बोलतात. पद आलं की पाय शांत आणि चेहरा बोलतो. स्वरजतीत सरगम आणि बोल एकत्र. वर्णात सगळंच: नाच, अभिनय, स्वर. तिल्लान्यात शब्द पुन्हा विरघळून जातात. कथा पुढे सरकते, मध्येच थांबते, नुसता नाच होतो, पुन्हा सरकते. हार्पसिकॉर्डला जसा आवाज कमी-जास्त करता येत नाही म्हणून वादक दुसरीकडून रंग काढतो, तसं इथे रचनाकाराने राग आणि ताल स्वतःच बांधून घेतले आणि रंग प्रकारांमधून काढला.

आता या जिन्नसांची गावं बघा, जशी अलमांद-झीगची बघितली. सोल्लु हा तमिळ शब्द. तिल्लाना हे हिंदुस्तानी तराण्याचं दक्षिणी रूप. जक्किणीचं नातं जुन्या ग्रंथांत फारसी गाण्या-नाचाशी जोडलेलं आहे. श्लोक, प्रबंध संस्कृतातून. राग कर्नाटक संगीताचे. आणि या सगळ्याच्या तोंडी शब्द मराठी. युरोपने जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, इंग्लिश नाच एका स्वरात बसवले. तंजावरने तमिळ, तेलुगू, फारसी, संस्कृत, मराठी एका रागात बसवले. दोन्ही ठिकाणी नियम तोच: परक्याला आत घ्या, पण सगळ्यांनी एकच ‘सा’ धरा.

यात कुणी कुणाची नक्कल केलेली नाही. सरफोजी लिहीत होते तोवर युरोपात स्वीटची फॅशन संपली होती आणि हार्पसिकॉर्डची जागा पियानोने घेतली होती. युरोपीय की-वाद्याने हिंदुस्तानी सूर पकडण्याचा प्रयत्न मात्र भारतात झाला होता. १७८९ मध्ये कलकत्त्यात विल्यम हॅमिल्टन बर्डने ‘ओरिएंटल मिसेलनी’ हे पुस्तक छापलं. त्यात हिंदुस्तानी गाण्यांच्या चाली हार्पसिकॉर्डसाठी बसवल्या होत्या. गोऱ्या मंडळींच्या दिवाणखान्यात त्या वाजायच्या. पण ती एका बाजूने केलेली उचल होती. निरूपण ही त्याहून खोल गोष्ट आहे, कारण त्यात पाहुणा कोण आणि यजमान कोण हेच सांगता येत नाही.

मग माळ कुठे गेली?

सरफोजींच्या आणि त्यांच्या मुलाच्या काळात दरबारात चार भाऊ होते: चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु. यांना तंजावर चतुष्टय म्हणतात. त्यांनी नाचाच्या कार्यक्रमाचा जो क्रम पक्का केला तो आज जगभर भरतनाट्यमचा ‘मार्गम’ म्हणून चालतो: अलारिप्पू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना. आता वरची अठरा नावं परत वाचा. अलारु, स्वरजति, शब्द, वर्ण, पद, तिल्लाना. ओळखीचे चेहरे दिसतात ना? अठरा जिन्नसांच्या दुनियेतून निवडक पुढे गेले. एक राग, एक कथा ही अट मात्र सुटली. आज मार्गममधला प्रत्येक जिन्नस वेगळ्या रागात असतो. फ्रोबेर्गरच्या प्रकाशकासारखंच झालं, प्लेलिस्ट दुसऱ्यांनी लावली आणि तीच टिकली.

१८५५ मध्ये तंजावरचे शेवटचे राजे पुत्राविना वारले आणि कंपनीने संस्थान खालसा केलं. कलाकार पांगले. १८८० मध्ये तंजावरच्या मराठा घराण्यातली मुलगी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची राणी झाली आणि तिच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी आणि वादक बडोद्याला आले. बाकीच्यांचं काय झालं? १८९० च्या दशकात नाचाविरुद्धची मोहीम उभी राहिली. १९३० च्या दशकात त्याच नाचाला ‘भरतनाट्यम’ हे नवं नाव आणि नवी प्रतिष्ठा मिळाली. १९४७ मध्ये मद्रासमध्ये देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला. पिळवणूक थांबायलाच हवी होती, यात वाद नाही. पण ज्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या हे अठरा जिन्नस पायात जपले, त्यांना नव्या प्रतिष्ठेत जागा मिळाली नाही. राजाचं नाव पोथीवर आहे. त्या बायकांची नावं पोथीवर नाहीत. साराबांदची गोष्ट आठवा: नाच सभ्य झाला, नाचणारे दाराबाहेर राहिले.

म्हणून बघा, दोन माळांच्या नशिबाला अगदी उलटी वळणं लागली. युरोपात नाच थांबला आणि संगीत उरलं, कारण ते छापलेलं होतं आणि एकटा माणूस घरी बसून वाजवू शकत होता. तंजावरात नाच चालू राहिला, पण त्याचे मराठी शब्द ग्रंथालयाच्या कपाटात राहिले. तमिळ-तेलुगू रचना शिकणारे होते, मराठी शिकणारं कुणी उरलं नाही.

हार्पसिकॉर्डही शंभर वर्षं जवळजवळ गप्प होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वांडा लांडोव्स्का नावाच्या पोलिश बाईने हट्टाने ते मंचावर परत आणलं. निरूपणांनाही असे हट्टी लोक मिळाले. मुंबईचे आचार्य पार्वतीकुमार यांनी सरफोजींच्या मराठी रचनांचा अभ्यास केला, त्या नाचात बसवल्या आणि त्यावर ‘तंजावर नृत्य प्रबंध’ हा ग्रंथ लिहिला. त्यांच्या शिष्या, पुण्याच्या डॉ. सुचेता भिडे-चापेकर यांनी त्या रंगमंचावर नेल्या. त्या तंजावर चतुष्टयाच्या वंशातल्या किट्टप्पा पिल्लै यांच्याकडेही शिकल्या. म्हणजे मराठी शब्द महाराष्ट्रातून आणि पावलं तंजावरातून, पुन्हा एकत्र आली.

आपलं म्हणजे कुणाचं?

हे सगळं ऐकून छाती फुगवून ‘भरतनाट्यम मराठ्यांनी दिलं’ असा मेसेज ग्रुपवर टाकायचा मोह होईल. कृपा करून टाकू नका. तसं झालेलंच नाही. राग, पावलं, गुरू, नर्तकी, सगळं त्या मातीचं होतं. मराठीने तिथे पाहुणी म्हणून शिरून शेवटी घरची होण्याचं काम केलं. आणि उलट बाजूने ‘क्लासिकल डान्स म्हणजे साऊथचं, आपला काय संबंध’ हेही खरं नाही. संबळावर गोंधळ ऐकत वाढलेल्या आमच्या भागातल्या मुलीने भरतनाट्यमच्या क्लासला जावं, तर तिच्यासाठी तिच्याच भाषेत अठरा जिन्नस लिहून ठेवलेले आहेत. त्यांची भाषा दोनशे वर्षं जुनी आहे, त्यात दक्षिणेचा हेल आहे, पण ती मराठी आहे. कोणीतरी ते गायला हवेत, एवढंच.

भाषा जिवंत राहते ती ज्यांना ती बोलता येते त्यांच्यामुळे, हे खरं. पण ती मोठी होते ती दुसऱ्यांच्या तालात बसल्यामुळे. सरफोजींकडे राज्य नव्हतं, सैन्य नव्हतं. पाच भाषा एका रागात ओवता येतील एवढी जागा त्यांनी राखून ठेवली. लुईने नाचाने उमराव बांधले. सरफोजींनी नाचाने माणसं जोडली असं म्हणायला मला आवडेल.

आता गृहपाठ. पहिलं: बाखचा फ्रेंच स्वीट क्रमांक पाच हार्पसिकॉर्डवर शोधा. सात नाच आहेत. शफल बंद करा, क्रमाने ऐका आणि प्रत्येक नाच संपताना तोच ‘सा’ परत येतो का ते बघा. दुसरं: भरतनाट्यमचा एखादा पूर्ण मार्गम बघा, रील नाही, पूर्ण. तिसरं: सरफोजी महाराजांची मराठी निरूपणं शोधा. निकाल कमी येतील. जे येतील ते पूर्ण ऐका आणि ज्या मैत्रिणीला, बहिणीला नाच शिकायचाय तिला लिंक पाठवा.

पुढच्या भागात पेटीची गोष्ट आहे: युरोपातून आलेलं वाद्य आपल्या प्रत्येक भजनात कसं जाऊन बसलं. तोवर ऐकत राहा, आणि क्रमाने ऐका. राम राम!